तुतीच्या जिन्याचा कठडा

पूर्व अम्मानच्या ज्या उतारावर मुफ्लिह राहायचा तिथे गाडी जात नाही. खाली मोठा रस्ता, वर शाळेची गल्ली आणि मध्ये एकशे त्र्याऐंशी पायऱ्यांचा तुतीचा जिना. तूत कधीच वाळून गेली होती, नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. जिन्याच्या दोन्ही बाजूंना घरं, घरांच्या माथ्यावर पाण्याच्या टाक्या आणि प्रत्येक स्वयंपाकघरात कुणीतरी खांद्यावरून वाहून आणलेला गॅसचा सिलिंडर. हा कुणीतरी गेली एकतीस वर्षं मुफ्लिहच होता.

गॅसची गाडी आपलं ठरलेलं गाणं वाजवत खालच्या रस्त्याला उभी राहायची. मुफ्लिह डाव्या खांद्यावर पोत्याची घडी टाकायचा, तिच्यावर भरलेला सिलिंडर घ्यायचा आणि चढायला लागायचा. उजवा हात मोकळा, भिंतीला धरायला. जिथे भिंत नाही तिथे हवेला.

हा जिना कुणा एकाने बांधलेला नव्हता. नदीपलीकडून घरदार सोडून आलेली माणसं या उतारावर आधी तंबू, मग पत्रे, मग भिंती घालत वसली आणि ज्याने त्याने आपल्या दारापुढचा तुकडा आपल्या मनाने बांधला. एकाची पायरी वीतभर, दुसऱ्याची दीड वीत. एकाहत्तरावी तर अबू फवाझच्या बापाने अशी उंच घातली होती की माणसाला गुडघा छातीशी आणावा लागे. मुफ्लिहला सगळ्या पायऱ्या पायाने पाठ होत्या. वर पोचल्यावर त्याची जीभ सुटायची, आणि ती जीभ म्हणजे त्या जिन्यावरचा दुसरा चढ होता.

“काय हो अबू सुहा, आज उशीर?” असं अबू फवाझची बायको उम्म फवाझ हिने दारातून विचारलं की तो म्हणायचा, “तुमच्या सासऱ्यांनी पायरी बांधली की भिंत, ते ठरवत उभा होतो खाली.”

सुहा ही त्याची थोरली मुलगी, लग्न होऊन झरक्याला गेलेली. तिच्या नावावरून तो अबू सुहा, म्हणजे सुहाचा बाप, आणि त्याची बायको नौफा उम्म सुहा, म्हणजे सुहाची आई. नौफा मादब्याकडच्या खेड्यातली. तिची जीभ त्याच्याहून कडू, पण ती खर्च फक्त घरात करायची.

मुफ्लिह पंचावन्न वर्षांचा असताना जिन्यावर प्रकल्प आला. आधी तीन गाड्या खालच्या रस्त्याला लागल्या. मग गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली आठ-दहा माणसं चढू लागली आणि चाळिसाव्या पायरीला सगळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिथून त्यांनी खालच्या शहराचे फोटो काढले. दम लागल्यावर माणसाला देखावा फार आवडतो.

त्यांची म्होरकी लमीस. पस्तिशीची, सुखवस्तू पश्चिम अम्मानची, लिननचा सैल सदरा, पायात पांढरेशुभ्र बूट. बोलायला गोड. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

“आम्ही काही ठरवून आलेलो नाही,” ती जमलेल्या लोकांना म्हणाली. “इथले तज्ज्ञ तुम्ही आहात. हा जिना आपण मिळून घडवायचा. सहनिर्मिती.”

“म्हणजे नेमकं काय?” उम्म फवाझने विचारलं.

“म्हणजे आम्ही विचारणार, तुम्ही सांगणार, आणि सगळं मिळून करायचं.”

“घाम कुणाचा?” मुफ्लिह म्हणाला.

लोक हसले. लमीसही हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. पुढे दोन वर्षांत तिने एवढं लिहून घेतलं की त्या कागदांची चवड केली असती तर एकाहत्तराव्या पायरीला एक सोयीची पायरी झाली असती.

पहिली कार्यशाळा शुक्रवारच्या नमाजानंतर शाळेच्या दालनात झाली. गोल मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर पांढरे कागद, टेबलावर लोण्याच्या पावांची चळत. झातरचा मसाला लावलेली एक भाकरी नाही की लबन्याची, घट्ट दह्याची, एक वाटी नाही. लोकांचं ऐकायला आलेल्यांनी लोक काय खातात एवढंही विचारलं नव्हतं.

“डोळे मिटा,” लमीस म्हणाली. “आपला जिना हा एक प्राणी आहे असं समजा. कोणता प्राणी दिसतो?”

शाळेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, “साप.” उम्म फवाझ म्हणाली, “मला माझी सासू दिसतेय, चालेल का?” मुफ्लिह म्हणाला, “मला खेचर दिसतंय. पण ते जिना नाही, ते मी आहे.”

लमीससोबत एक उंच, गुलाबी परदेशी तज्ज्ञ आला होता. त्याला याचं भाषांतर करून सांगितल्यावर त्याने छातीवर हात ठेवला. पिवळ्या चिठ्ठीवर ‘खेचर: चिवटपणा’ असं लिहून त्याने ती भिंतीला चिकटवली आणि मुफ्लिहचे दोन्ही हात हातात घेऊन दाबले. एकतीस वर्षांत कुणी त्याचे हात असे दाबले नव्हते.

मग लोकांनी काय हवं ते सांगायचं होतं. मुफ्लिह उठला आणि बोटं मोजत बोलला. “एक, लोखंडी कठडा, खालपासून वरपर्यंत. दोन, बाजूने पन्हळ, म्हणजे पावसाचं पाणी पायऱ्यांवरून धावणार नाही. तीन, सहा-सात पायऱ्या नीट करा. कोणत्या, ते मी दाखवतो. संपलं. मला जाऊ द्या, गाडी यायची वेळ झाली.”

“फार छान,” लमीस म्हणाली. “या झाल्या गरजा. आता आपण स्वप्नांकडे जाऊ.”

स्वप्नांच्या फळ्यावर रंग आले, फुलझाडं आली, झोपाळा आला, उघड्यावरचं वाचनालय आलं. प्रत्येकाला तीन लाल ठिपके मिळाले. जे हवं त्यावर चिकटवायचे. मुफ्लिहने दोन ठिपके कठड्यावर लावले आणि तिसराही लावायला हात उचलला, तेवढ्यात लमीस शेजारी येऊन हळूच म्हणाली, “अबू सुहा, एखादा स्वप्नालाही द्या ना.” तिच्यामागे कॅमेरावाला होता. मुफ्लिहने तिसरा ठिपका रंगांवर लावला. का लावला ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. बाई एवढ्या आर्जवाने म्हणते आहे, आणि एका ठिपक्याने काय होतंय, असं काहीतरी.

खरं सांगायचं तर त्याला हे सगळं आवडू लागलं होतं. जिन्यावर त्याला लोक दारात उभं करून बोलायचे. सिलिंडर ठेव, जुना उचल, नळी घट्ट बसव. इथे त्याला खुर्ची होती आणि तो बोलला की खोली गप्प व्हायची. दुसऱ्या कार्यशाळेला तो दाढी करून गेला. त्या वेळी चिकणमातीचे गोळे देऊन सगळ्यांना आपापला जिना घडवायला सांगितला होता. मुफ्लिहने मातीचा जिना केला आणि काड्या टोचून त्याला कठडा लावला. तज्ज्ञाने त्याचा फोटो काढला आणि जाताना काड्या काढून टाकल्या, कारण त्याला पेटीचं झाकण लावायचं होतं.

सहा महिन्यांनी जाडजूड, गुळगुळीत अहवाल आला. मुखपृष्ठावर मुफ्लिह, खांद्यावर सिलिंडर, डोळे आभाळाकडे. प्रत्यक्षात तो उम्म फवाझच्या गच्चीतून गळणाऱ्या पाण्याला शिव्या देत वर बघत होता. त्याने तो अहवाल दूरदर्शन संचाच्या बाजूला असा उभा ठेवला की आत येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच पडावी.

“आत काय लिहिलंय?” नौफाने विचारलं.

“इंग्रजीत आहे.”

“म्हणजे तुमच्या जिन्याबद्दल तुम्हाला कळू नये असं.”

“तुला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही.”

“बघवतं हो. झालं की दाखवा.”

तिसऱ्या बैठकीत आराखडा उघडला गेला. सगळा जिना सात रंगांत रंगवलेला. मालाच्या जुन्या लाकडी फळ्यांच्या कुंड्या, त्यांत लव्हेंडर. तिसऱ्या चौकात, म्हणजे जिन्यावरच्या तिसऱ्या सपाट टप्प्यावर, झोपाळा. मुफ्लिह भरलेला सिलिंडर खांद्यावरून उतरवून श्वास घ्यायचा तोच चौक.

“कठडा कुठे आहे?” त्याने विचारलं.

“तो दुसऱ्या टप्प्यात.”

“दुसरा टप्पा कधी?”

“पहिल्याचं मूल्यमापन झालं की. आणि अबू सुहा, आपण ठिपके मोजले ना सगळ्यांचे? रंग पहिले आले.”

ठिपके खरोखरच मोजले होते. त्या दिवशी दालनात पंचेचाळीस माणसं होती आणि त्यांतली वीस खालच्या महाविद्यालयातून आणलेली, वास्तुकला शिकणारी मुलं-मुली होती. त्यांनीही ठिपके लावले होते. त्यांना जिन्यावर एकच दुपार काढायची होती. अशा माणसाला कठडा कशाला लागतो?

रंगकामाचा दिवस झोकात झाला. ढोल वाजले, सरबत झालं, मंत्रालयातून कुणी येऊन एका पायरीला कुंचला लावून गेलं. जिना इंद्रधनुष्यासारखा दिसू लागला आणि मुफ्लिह, हे कबूल करायला हवं, खालच्या रस्त्यावर उभा राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. सुंदर दिसत होता. ती चमक तेलाच्या रंगाची आहे, आणि तेलाचा रंग पावसात निसरडा होतो, हे त्याला कळत होतं. तो काही बोलला नाही.

डिसेंबरात पाऊस लागला. चौथ्या दिवशी नौफा सलगम आणि अजमोदा घेऊन बाजारातून परत येत असताना निळ्या पायरीवर तिचा पाय सटकला. ती अकरा पायऱ्या खाली आली. उजवं मनगट मोडलं आणि खुब्याला तडा गेला. तिला धरायला लोक धावले, पण धावणारेही घसरू लागले. तेव्हा एकमेकांचे हात धरून साखळी करत तिला खाली नेलं.

सरकारी दवाखान्याच्या खाटेवर तिने डोळे उघडले तेव्हा मुफ्लिह उशाशी बसला होता.

“तुमचे ठिपके कशावर होते?” तिने विचारलं.

तो तिची चादर सारखी करू लागला.

“मी विचारतेय.”

“दोन कठड्यावर.”

“आणि तिसरा?”

त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नौफाने भिंतीकडे तोंड वळवलं. “ती बाई निदान पगार घेऊन खुळी झाली. तुम्ही फुकटात.”

घरी आल्यावर मुफ्लिहने तो अहवाल उचलला, पानं फाडली आणि नौफासाठी विस्तव पेटवायच्या शेगडीत घातली. गुळगुळीत कागद नीट जळलासुद्धा नाही. धूर मात्र झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने छिन्नी आणि हातोडा घेतला, पहिल्या पायरीवर मांडी घातली आणि पाट्याला टाकी लावतात तशी पायरीला टाकी लावायला सुरुवात केली. आधी तारेच्या ब्रशने रंग खरवडायचा आणि मग दगडावर आडव्या बारीक खाचा पाडायच्या, म्हणजे तळवा धरेल. मग रोज सकाळी गॅसची गाडी, दुपारनंतर टाकी. दिवसाला एक पायरी, फार तर दोन.

लोकांना करमणूक झाली. “अबू सुहा, सरकारने तुला दगड फोडायची शिक्षा दिली काय?” “अरे, एवढा छान रंग, तुझ्या बापाने लावला होता का?” वरच्या गल्लीतला एक दुकानदार खरोखरच चिडला, कारण रंगीत पायऱ्यांवर फोटो काढायला येणाऱ्या पोरी त्याच्याकडून थंड पेयं घ्यायच्या. मुफ्लिहने मान वर न करता सांगितलं, “तुझी बायको पडली की ये, आपण रंगाबद्दल बोलू.”

उम्म फवाझला आवाजाचा त्रास व्हायचा. तीन दिवस तिने खिडकीतून शाप दिले. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, अबू फवाझचा, जुना मोठा हातोडा खिडकीतून खाली आदळला. “ते खेळणं टाक आणि हा घे! निदान लवकर संपेल माझा छळ.”

तो बाविसाव्या पायरीवर असताना लमीस आली. पांढऱ्या बुटांनी, जपून. त्याच्यापाशी येऊन ती तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“अबू सुहा, हे तुम्ही का करताय? हे आपण मिळून केलं होतं.”

“पडली मात्र एकटीच.”

“मला फार वाईट वाटलं उम्म सुहांचं. खरंच. पण तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतं. आमच्याकडे तक्रारीचा फॉर्म आहे.”

मुफ्लिहने हातोडा खाली ठेवला. “पोरी, तू दोन वर्षं माझं ऐकलंस. एवढं तर माझ्या आईनेही ऐकलं नाही. त्यातलं काय केलंस?”

“माझ्या हातात असतं तर—”

“मग ज्याच्या हातात आहे तो त्या गोलातल्या कुठल्या खुर्चीत बसला होता?”

जाताना तिने फक्त एवढं विचारलं, की या खाचांचे फोटो घेतले तर चालतील का. मुफ्लिहने छिन्नीवर असा घाव घातला की चिपा तिच्या बुटांवर उडाल्या.

आठवड्याने नगरपालिकेची नोटीस आली. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान. मुफ्लिहने ती घडी करून छिन्नीच्या मुठीला गुंडाळली, कारण हाताला फोड आले होते. नंतर त्या नोटिशीचं पुढे काही झालं नाही. कारण सरळ होतं. परदेशातल्या एका मोठ्या बक्षिसाच्या यादीत तुतीचा जिना पोचला होता. परीक्षक जिना बघायला येणार होते, आणि मुखपृष्ठावरचा माणूस कचेरीत हजेरी देत असेल तर ते बरं दिसलं नसतं.

लमीसचा फोन आला. परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं होतं.

“बोलतो,” मुफ्लिह म्हणाला. “आधी कठडा लावा.”

“त्यासाठी या वर्षी तरतूद नाही, अबू सुहा. तरतूद फक्त नोंदी ठेवण्यासाठी आहे.”

“मग मी काय बोलू?”

“जे खरं वाटतं ते बोला.”

“ठीक आहे,” तो म्हणाला.

परीक्षक मार्चमध्ये आले. चार जण होते. दोन पुरुष, एक तरुण बाई आणि एक सत्तरीची, काठी टेकणारी, बारीक केस कापलेली बाई, जी म्हणे आयुष्यभर पूल बांधत आली होती. मुफ्लिह खालच्या रस्त्यावर गॅसच्या गाडीपाशी उभा होता. त्याच्यासमोर चार रिकामे सिलिंडर ओळीने मांडलेले.

“भाषण वरती आहे,” त्याने लमीसला सांगितलं. “यांना म्हणावं, एकेक उचला. रिकामे आहेत, भरलेल्याच्या निम्मेही नाहीत. वर आले की बोलतो.”

लमीसचा चेहरा पांढरा पडला. पण परीक्षकांना कल्पना भारी आवडली. पुरुषांनी कोट काढले. तरुण बाईने फोन काढला. म्हाताऱ्या बाईने सिलिंडरकडे बघितलं, आपल्या काठीकडे बघितलं आणि रिकाम्या हातानेच निघाली.

आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. टाकी लावलेल्या पायऱ्या संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रंग सुरू झाला. एका पुरुषाने तिथेच सिलिंडर खाली ठेवला आणि तो परत उचलला नाही. दुसरा एकाहत्तराव्या पायरीपाशी थांबला, गुडघा वर उचलला, खाली घेतला, परत उचलला. घरांच्या खिडक्यांत बायका जमल्या होत्या. “चढ, माझ्या राजा, चढ!” उम्म फवाझ ओरडली. “माझ्या सासऱ्याने खास तुझ्यासाठी बांधलीय!”

म्हातारी पुलवाली बाई सगळ्यांत मागे होती. तिचा मोकळा हात सारखा बाजूला जात होता, काहीतरी धरायला, आणि रिकामा परत येत होता. नव्वदाव्या पायरीला ती खाली बसली. मुफ्लिह तिच्यापाशी उतरला. तिने हवेत मूठ वळली, नळी धरल्यासारखी, आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. दुभाष्याची गरज नव्हती. मुफ्लिहनेही मान हलवली. दोन वर्षांत त्या प्रकल्पात झालेलं सरळ बोलणं काय ते एवढंच, आणि त्यात एक शब्द नव्हता.

महिन्याभराने बक्षीस जाहीर झालं. तुतीच्या जिन्याला मिळालं. लमीस फोनवर आनंदाने रडत होती.

“सगळं तुमच्यामुळे! तुमच्या त्या सिलिंडरमुळे! परीक्षकांनी म्हटलंय, शरीरातून सांगितलेली शहराची कहाणी.”

“आणि कठडा?”

“एका परीक्षकांनी वेगळं मत नोंदवलंय त्याबद्दल. तेही छापणार आहोत.”

पुढे काय झालं ते सांगायला कुणालाही लाज वाटावी, पण त्या लोकांना वाटली नाही. त्या उन्हाळ्यापासून दर शनिवारी पर्यटकांचा एक जथा तुतीच्या जिन्याला येऊ लागला. पिवळ्या रंगाचा, आतून पोकळ, हलका, खोटा सिलिंडर खांद्यावर घेऊन चौकाचौकांत थांबायचं, हमालाच्या कष्टांवर विचार करायचा, शेवटी पुदिन्याचा चहा. त्यांच्यापुढे चालायला मुफ्लिहला बोलावलं. तो गेला नाही. मग त्यांनी व्यायामशाळेतला एक भरदार दंडाचा इसम आणला आणि त्याच्या खांद्यावर पोत्याची घडी ठेवली. उजव्या खांद्यावर. ते बघून मुफ्लिह कित्येक महिन्यांनी पोट धरून हसला.

कठडा झाला तो शौकतमुळे. शौकत हा खालच्या रस्त्यावरचा लोहार, चेर्केसी वंशाचा, मोजकं बोलणारा. नौफा काठीवर घरातल्या घरात चालू लागली होती, पण जिना उतरायची तिची हिंमत होत नव्हती. सहा महिने तिने बाजार पाहिला नव्हता. एके सकाळी मुफ्लिहने शौकतच्या भट्टीपुढे सिलिंडर उतरवला आणि विचारलं, “जुन्या नळांचा कठडा होतो का?”

“होतो,” शौकत म्हणाला. “नळ आण.”

बोलणी एवढीच. कुणी कुणाला प्राणी विचारला नाही. घराघरांतून लोखंड निघालं. गच्चीवरच्या गंजक्या टाकीचे पाय, मेलेल्या आजोबांचा पलंग, पाळण्याचे दांडे, एका घरातून चक्क अँटेना. रंगाचा सगळ्यांत जास्त कळवळा असलेल्या दुकानदाराने दोन लांब नळ दिले आणि वर ऐकवलं, “हे माझ्या आईसाठी. तुझ्यासाठी नाही.”

पण बाजू कोणती, यावर जिना पेटला. मुफ्लिहचं म्हणणं उजवी. सिलिंडर डाव्या खांद्यावर, म्हणजे चढताना उजवा हात मोकळा. उम्म फवाझचं म्हणणं डावी. अबू फवाझची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्याने लुळी पडली होती. तो चढणार तो डाव्या हाताने.

“तुझा नवरा दोन वर्षांत घराबाहेर पडलेला नाही,” मुफ्लिह ओरडला.

“कठडा नाही म्हणून बाहेर पडला नाही, गाढवा!”

“एकाहत्तरावी त्याच्याच बापाने बांधली ना? भोगू दे.”

हे बोलून झाल्यावर मुफ्लिहला स्वतःचीच शिसारी आली. पण तो मागे हटला नाही. ती तरी कुठली हटतेय. नऊ दिवस भांडण चाललं. बायका खिडक्यांतून, पुरुष चौकातून. निवृत्त मास्तरांनी मधोमध लावावा असं सुचवलं तेव्हा दोन्ही बाजू एक होऊन त्यांच्यावर तुटून पडल्या. दहाव्या दिवशी नौफा दारात आली, काठी आपटली आणि म्हणाली, “तिसऱ्या चौकापर्यंत चढताना डाव्या हाताला. अबू फवाझचं दार तिथपर्यंतच आहे. तिथून पुढे उजव्या हाताला. आणि आता कुणी बोललं तर मी पुन्हा पडेन, आणि त्याच्याच दारात पडेन.”

शौकतने तसाच केला. कुठे जाड नळ, कुठे बारीक. कुठे पलंगाची नक्षी तशीच राहिलेली. जोड ओबडधोबड, पण घट्ट. एकाहत्तराव्या पायरीपुढे त्यांनी दगड आणि सिमेंटची एक अर्धी पायरी घातली, आणि त्या वेळी उम्म फवाझने सासऱ्याबद्दल जे उद्गार काढले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. तिसऱ्या चौकातला झोपाळा काढून त्याच्या लोखंडाचाही दांडा झाला. पन्हळ अजून नाही. रंग उरलेल्या पायऱ्यांवर आहे, फिकट होत चाललाय. मुफ्लिहच्या गुडघ्यांनी शंभर पायऱ्यांनंतर टाकी लावू दिली नाही.

लमीस एकदा येऊन कठडा बघून गेली, एकटीच. नव्या अहवालात त्याचा फोटो आला, खाली ओळ होती: ‘प्रकल्पातून स्फुरलेला लोकसहभाग’. मास्तरांनी ती वाचून दाखवली तेव्हा शौकत एवढंच म्हणाला, “फोटोत वेल्डिंग वाईट दिसतंय.”

पुढच्या वर्षी मुफ्लिहने गॅसचं काम सोडलं. गुडघे संपले होते. आता तो दारापुढच्या पायरीवर मरमिय्याच्या पानांचा चहा घेऊन बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतो. शनिवारच्या जथ्यातला कुणी त्याला ओळखत नाही. त्याला ते बरं वाटतं.

सकाळी नौफा पिशवी घेऊन निघते. डाव्या हाताने दांडा धरून सावकाश उतरते. तिसऱ्या चौकात कठडा बाजू बदलतो. तिथे ती पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि मोडून जुळलेल्या मनगटाने पलीकडचा दांडा पकडताना कळवळून उम्म फवाझच्या नावाने शिवी हासडते.

“ठरवलंस तूच ना?” उम्म फवाझ खिडकीतून ओरडते.

“तुझ्या नवऱ्यासाठी ठरवलं! कुठे आहे तो?”

तो असतो, तिच्या सात-आठ पायऱ्या खाली, डाव्या हाताने त्याच दांड्याला लटकत, एकेका पायरीला पाच मिनिटं लावत वर चढत. नौफाला पुढे जाता येत नाही. ती दांडा धरून वरच थांबते आणि मोठ्याने सुस्कारे टाकते, म्हणजे त्याला ऐकू जावं.